सांग बघू, काय आणायचं?

समजा, बुधवारची सकाळ आहे. कूपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या ग्राहक कंपनीकडून विचारणा येते, ‘पंप बॉडीचं काय झालं?’ इकडचा डिस्पॅचचा माणूस गडबडीत आहे. तो दोनच शब्द टाइप करतो : ‘माल परवा.’ पुण्याचे खरेदी अधिकारी अंगठा दाखवतात, कारखान्याचे मॅनेजरही दाखवतात. ग्रुपवर बावीस माणसे आहेत आणि बावीसही जणांनी निरोप वाचल्याची निळी खूण उमटते.

शुक्रवारी सकाळी पुण्याहून फोन येतो. ‘‘अहो, सोमवारी निघालेली गाडी अजून आली कशी नाही? आमची लाइन थांबलीय.’’

‘‘सोमवारी कुठं साहेब? गाडी आत्ता भरतोय की. परवा म्हटलं होतं न्हवं!’’

मराठीत ‘परवा’ हा शब्द मागच्या दिवशीही जातो आणि पुढच्या दिवशीही. ‘परवा गेला’ म्हटले की सोमवार, ‘परवा जाईल’ म्हटले की शुक्रवार. दिशा दाखवण्याचे काम क्रियापद करते आणि तेच टाइप करायचे राहिले. पुण्याच्या साहेबांना माल हवा होता, म्हणून त्यांनी तो ‘गेला’ असा वाचला. कूपवाडच्या माणसाला गाडी भरायची होती, म्हणून त्याने तो ‘जाईल’ असा लिहिला. दोघेही मराठी, दोघेही शहाणे आणि कामात चोख. तरीही दोन दिवस वाया गेले.

साताऱ्याच्या एमआयडीसीपासून मिरजेच्या रुग्णालयांपर्यंत आणि कराडच्या बँकेपासून साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसापर्यंत हा घोळ रोज कुठे ना कुठे होतो. निरोप पाठवायची साधने आज कधी नव्हती इतकी आहेत. तरी ‘मी तर सांगितलं होतं’ आणि ‘मला कुणी सांगितलंच नाही’ ही दोन वाक्ये काही कमी होत नाहीत. असे का होते, ते पायरीपायरीने समजून घेऊ.

पाटाचे पाणी आणि टेलचा शेतकरी

कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यापासून कृष्णा कालवा निघतो आणि खाली सांगली जिल्ह्यात उतरतो. कालव्यावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मुखाशी सोडलेले पाणी आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, मिळालेले पाणी कधीच सारखे नसते. वाटेत काही झिरपते, काही उन्हाने उडते, काही मधल्या फुटलेल्या पाटातून दुसरीकडेच वळते. म्हणून ‘पाणी सोडले’ या बातमीवर टेलचा शेतकरी समाधान मानत नाही. आपल्या सरीत पाणी आले का, हे तो स्वतः बघून येतो.

निरोपाचेही तसेच असते. सांगणाऱ्याच्या डोक्यात आधी एक चित्र असते. त्याचे शब्द होतात. ते शब्द फोन, कागद, ग्रुप किंवा दुसरा माणूस अशा कुठल्यातरी वाटेने जातात. समोरचा ते ऐकतो किंवा वाचतो आणि त्यावरून आपल्या डोक्यात स्वतःचे चित्र काढतो. म्हणजे वाटेत चार ठिकाणी पाट फुटू शकतो : चित्राचे शब्द होताना, वाटेत, ऐकताना आणि शब्दांचे पुन्हा चित्र होताना.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचे गणित मांडले. आजचा फोन आणि इंटरनेट त्याच पायावर उभे आहेत. संदेशाच्या वाटेतल्या कुठल्याही अडथळ्याला त्यांनी ‘गोंगाट’ या अर्थाचा शब्द वापरला. मात्र आपल्या गणितात त्यांनी एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली, ती म्हणजे संदेशाचा अर्थ. अक्षरे जशीच्या तशी पोहोचवणे एवढाच इंजिनिअरचा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे होते. व्हॉट्सॲपची निळी खूण तेवढेच सांगते. अक्षरे पोहोचली आणि निरोप उघडला गेला, याची ती पावती आहे. अर्थ पोहोचल्याची पावती देणारे यंत्र अजून निघालेले नाही.

शॅनन यांच्या कामातून आणखी एक उपयोगी गोष्ट कळते. आपली भाषा एकच माहिती दोनतीनदा सांगत असते. ‘परवा गाडी गेली’ या वाक्यात गाडी ही स्त्रीलिंगी आहे हे ‘गेली’तून पुन्हा कळते आणि काळही कळतो. ही पुनरुक्ती फुकट जात नाही. वाटेत एखादा शब्द गळला तरी उरलेल्यांवरून अर्थ सावरता येतो. आपण निरोप आखूड करायच्या नादात नेमका हाच आधार काढून घेतो.

आपल्या डोक्यातले गाणे दुसऱ्याला ऐकू येत नाही

१९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक सोपा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर नुसत्या बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी अवघी ३ ओळखली गेली.

घरी करून बघा. तुम्ही गणपतीची आरती टेबलावर वाजवाल तेव्हा तुमच्या कानात झांजा, टाळ्या, सगळ्या घराचा आवाज घुमत असेल. समोरच्याला मात्र फक्त टकटक ऐकू येईल. ‘एवढं कसं ओळखता येत नाही?’ म्हणून तुम्हीच वैतागाल.

कामाच्या जागी जुना, जाणता माणूस नव्याला काही सांगतो तेव्हा हेच होते. ‘तो जॉब जरा हलक्या हाताने घे’ असे वीस वर्षे लेथवर काढलेला ऑपरेटर सांगतो. त्याच्या हातात त्या ‘जरा’चे माप आहे. कालच आयटीआयमधून आलेल्या मुलाला त्या शब्दातून काहीच माप मिळत नाही. एखादी गोष्ट आपल्याला येऊ लागली की ती येत नव्हती तेव्हा कसे वाटत होते हे आपण विसरतो. जाणत्याचे ज्ञानच त्याच्या सांगण्याच्या आड येते. म्हणून ‘जरा’, ‘लवकर’, ‘नेहमीसारखं’, ‘व्यवस्थित’ हे शब्द कारखान्यात आणि कचेरीत जपून वापरावेत. ‘दुपारी तीनच्या आत’ हे ‘लवकर’पेक्षा कितीतरी बोलके आहे.

क्युसेक, टीएमसी आणि घराची पायरी

आकडा दिला की तरी गोंधळ संपतो का? याचे उत्तर सातारा आणि सांगली जिल्ह्यांना पावसाळ्यात मिळते.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. धरणातून पाणी सोडतात तेव्हा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर, साधारण दोन बादल्या. एक लाख क्युसेक विसर्ग दिवसभर चालू राहिला तर ८.६४ टीएमसी पाणी खाली जाते. धरणावरच्या इंजिनिअरच्या दृष्टीने हे आकडे अगदी स्पष्ट आहेत.

कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला येते. सांगलीकर क्युसेक विचारत नाही. तो विचारतो, ‘‘आयर्विनला किती झालं?’’ आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. तेही पुरेसे नाही. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटात किंवा कर्नाळ रस्त्याला राहणाऱ्या आजींचा खरा प्रश्न असतो, ‘‘आमच्या पायरीला पाणी कधी लागंल? गाद्या माळ्यावर टाकायच्या का न्हाई?’’ ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. फूट आणि पायरी यांचा मेळ घालणे किती मोलाचे असते, हे त्या महापुराने कायमचे शिकवले.

पाणी एकच आहे, पण त्याच्या तीन भाषा आहेत : धरणावर टीएमसी आणि क्युसेक, पुलावर फूट, घरात पायऱ्या. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी भाषांतर करावे लागते. ते केले नाही तर आकडा अचूक असूनही निरोप मुका राहतो. कचेरीतही हिशेबनीस ‘लेजर’मध्ये बोलतो, कॉम्प्युटरवाला ‘सर्व्हर’मध्ये, विक्रीचा माणूस ‘टार्गेट’मध्ये. प्रत्येकाला आपलीच भाषा सगळ्यांची वाटते.

मापाचे भाषांतर राहून गेले तर काय होते, याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण १९९९ चे आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने मंगळाकडे पाठवलेले एक यान त्या सप्टेंबरमध्ये तिथे पोहोचताच नष्ट झाले. यानाच्या जोराचे आकडे एक चमू पौंडांच्या मापात देत होता आणि दुसरा चमू ते न्यूटन या मेट्रिक मापात आहेत असे धरून चालला होता. दोन्ही चमू हुशार होते. ‘हे कुठल्या मापात आहे?’ हा साधा प्रश्न वेळेवर निकाली निघाला नाही.

‘हो’चे चार अर्थ

आता आपल्या सर्वांत लाडक्या शब्दाकडे येऊ. साहेब सांगतात, ‘‘संध्याकाळपर्यंत बिलं तयार ठेव.’’ समोरून येते, ‘‘हो साहेब.’’ किंवा, ‘‘व्हय व्हय, बगतो की.’’ हा ‘हो’ चार प्रकारचा असू शकतो.

पहिला : तुमचा आवाज ऐकू आला. दुसरा : तुम्ही काय म्हणालात ते कळले. तिसरा : ते मला पटले. चौथा : ते मी करतो. सांगणारा नेहमी चौथा ‘हो’ ऐकतो. देणाऱ्याने बऱ्याचदा पहिलाच दिलेला असतो. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या बोलण्यात ‘हूं, हूं’ म्हणत राहणे हा रिवाज आहे, त्यात आदर असतो. तोच रिवाज कामाच्या निरोपात आला की आदराचे हुंकार करार समजले जातात.

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दोन प्रवासी विमाने धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसे गेली. दाट धुके होते. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातून वैमानिक जे बोलला त्याचा अर्थ ‘आम्ही आता उड्डाण करत आहोत’ असाही होत होता आणि ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असाही. नियंत्रकाने दुसरा अर्थ घेतला आणि म्हणाला, ‘ओके’. पाठोपाठचे त्याचे ‘थांबा’ अशा अर्थाचे शब्द रेडिओवर दोन संदेश एकदम आल्याने नीट ऐकू गेले नाहीत. अपघाताला इतरही कारणे होती, पण त्यानंतर विमान वाहतुकीत नुसत्या ‘ओके’वर भागेना. महत्त्वाची सूचना वैमानिकाने आपल्या तोंडाने जशीच्या तशी परत म्हणायची ही रीत जगभर पक्की झाली. ‘उड्डाण’ हा शब्दही प्रत्यक्ष परवानगी देताघेतानाच वापरायचा असे ठरले.

खाली वाहणारे पाणी आणि उपसा योजना

पाणी वरून खाली आपोआप येते. खालून वर न्यायचे तर पंप लागतो, वीज लागते. म्हणून तर कृष्णेचे पाणी आटपाडी, खानापूर, जत या दुष्काळी भागांकडे नेण्यासाठी टेंभू, ताकारी, म्हैसाळ अशा उपसा सिंचन योजना उभ्या कराव्या लागल्या.

कचेरीतल्या निरोपांनाही उतार असतो. साहेबांचा हुकूम पाच मिनिटांत शेवटच्या शिपायापर्यंत उतरतो. शिपायाला दिसलेली अडचण मात्र साहेबांपर्यंत आपोआप चढत नाही. ‘साहेबांना कसं सांगायचं?’, ‘आपल्यालाच बोलणं बसेल’, ‘वरच्यांना माहीत असेलच की’ असे प्रत्येक पायरीवर थोडे थोडे पाणी परत खाली येते. वाईट बातमी चढता चढता सौम्य होत जाते. ऑपरेटर म्हणतो, ‘‘बेअरिंग जाणार.’’ सुपरवायझर म्हणतो, ‘‘मशीन जरा आवाज करतंय.’’ मॅनेजर म्हणतात, ‘‘मेंटेनन्सचं बघू पुढच्या आठवड्यात.’’ वरच्या टेबलावर पोहोचते तेव्हा सगळे ठीक असते, आणि तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडते.

तेनेरिफेच्या त्या विमानातही असेच झाले. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले का, अशी शंका विमानातल्या इंजिनिअरने विचारली होती. अनुभवी कॅप्टनने ठामपणे उत्तर दिले आणि शंका तिथेच विरली.

अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास करत होत्या. चांगल्या चमूंत चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. हाती आले ते उलटेच : चांगल्या चमूंच्या नोंदींत चुका जास्त होत्या. ती माणसे जास्त चुकत नव्हती. झालेली चूक ती न घाबरता सांगत होती, म्हणून तिची नोंद होत होती. वाईट बातमी आणणाऱ्यावर जिथे आवाज चढत नाही, तिथला पंप चालू असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी आणली. त्यात एक साधी गोष्ट आहे. शरीरावर चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. ज्याने एकदा त्या खोलीत तोंड उघडले आहे, त्याला गरज पडल्यावर ‘थांबा डॉक्टर’ म्हणणे सोपे जाते. मोठ्या शस्त्रक्रियागृहात जे चालते ते आपल्या सकाळच्या शिफ्ट मीटिंगलाही चालेल. रोज सर्वांत नव्या माणसाला आधी बोलू द्यावे.

साखळी जितकी लांब तितकी गळती

साखर कारखान्याचा गळीत हंगाम म्हणजे निरोपांची लांबलचक साखळी. शेतकी ऑफिसात ऊसतोडीचा कार्यक्रम ठरतो. तो गावच्या स्लिपबॉयकडे येतो. तिथून तोडणी मुकादमाकडे, मुकादमाकडून टोळीकडे. मग बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, वजनकाटा आणि शेवटी गव्हाण. तोडलेला ऊस वाळत जातो, वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून गव्हाणीवर काही बिघाड झाला तर ती बातमी उलट्या वाटेने फडापर्यंत, कोयता लागण्याआधी पोहोचायला हवी. त्यात टोळी बीडकडची, ट्रॅक्टरवाला वाळव्याचा आणि शेतकरी कडेगावचा असेल तर मराठीतही तीन वळणे.

एक साधे गणित करू. समजा प्रत्येक टप्प्यावर निरोपाचा दहावा हिस्साच गळतो, म्हणजे प्रत्येक जण नव्वद टक्के नीट पुढे देतो. पाच टप्प्यांनंतर किती उरतो? साठ टक्क्यांहूनही कमी. कुणीही बेजबाबदार नसताना चाळीस टक्के निरोप वाटेत मुरला.

नुसते गळते असेही नाही, बदलतेही. इंग्लिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत नेली की अनोळखी तपशील गळतात आणि उरलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसत जाते. लबाडी नसतानाही मन असेच चालते.

मग सगळ्यांना एकाच ग्रुपवर घेतले की साखळी संपली, असे वाटणे साहजिक आहे. पण तिथे दुसरे गणित सुरू होते. दोन माणसांत बोलण्याची वाट एक. पाच जणांत जोड्या होतात १०, दहा जणांत ४५. आपल्या सुरुवातीच्या ग्रुपमधल्या बावीस जणांत २३१. इतक्या वाटांवरून शुभ सकाळ, वाढदिवस, रजेचे अर्ज आणि महत्त्वाचे काम एकाच रांगेत येते. त्यातून बारभाईचा कारभार होतो : सगळ्यांना सांगितलेले काम कुणा एकाचेच राहत नाही. निरोपाच्या सुरुवातीला, ज्याने ते काम करायचे त्या माणसाचे नाव असेल तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

आवाज नसलेले शब्द

‘ठीक आहे.’ हे दोन शब्द समोरासमोर ऐकले तर माणूस खूश आहे, नाराज आहे की थकला आहे ते लगेच कळते. कागदावर तिन्ही सारखेच दिसतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २००५ मध्ये, विद्यार्थ्यांनी काही वाक्ये सरळ अर्थाने आणि काही उपरोधाने पाठवली. ईमेलने पाठवली तेव्हा वाचणाऱ्यांना ५६ टक्के वेळा खरा सूर ओळखता आला. नाणे उडवूनही ५० टक्के येतातच. पाठवणाऱ्यांना मात्र वाटत होते की पाऊण हिश्शाहून जास्त वेळा सूर पोहोचेल. तीच वाक्ये आवाजात ऐकली तेव्हा अंदाज बराच सुधारला.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, हिंजवडीत काम करणारी कितीतरी मुले कोरेगाव, इस्लामपूर, विट्यातल्या आपल्या घरी परतून लॅपटॉपवर काम करू लागली. काम झाले, पण चहाच्या टपरीवर उलगडणारे गैरसमज पडद्यावर तसेच साठत राहिले. म्हणून एक व्यवहारी नियम धरावा. माहिती लिहून पाठवावी, पण नाराजी, टीका आणि वाद आवाजात किंवा समोरासमोर मिटवावेत. लिखाणात एकाच मुद्द्यावर तिसरे उत्तर टाइप करायची वेळ आली की थांबून फोन उचलावा.

ऐकणाऱ्याच्या बांधावर जाऊन

आपल्याच मुलखात याचा एक जुना धडा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. नांगर चांगला होता, पण तो शेतकऱ्याच्या मनातल्या भीतीला उत्तर देत नव्हता. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली. दहा वर्षांनी, १९२० मध्ये, तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर लोकांपर्यंत न्यावी, हा त्यामागचा विचार. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी घराघरांत पोहोचले. नुसता माल बनवून भागत नाही. तो कशासाठी आणि कसा, हे ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगणे हेही कारखान्याचेच काम आहे, हे या माळरानावर शंभर वर्षांपूर्वी ओळखले गेले होते.

आज आपल्या वसाहतींत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार आहेत. सूचनेची पाटी इंग्रजीत, सुपरवायझर मराठीत आणि हेल्पर भोजपुरीत विचार करणारा. तिथे चित्र, रंग आणि हाताने करून दाखवणे हीच ऐकणाऱ्याची भाषा होय.

फाटकवाला आणि मोर्तब

गळती कळली. आता ती बुजवायची कशी? त्याचे एक उत्तर रेल्वेकडे आहे. जिथे फाटक सिग्नलला जोडलेले नाही, तिथे स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोनवर गाडी येत असल्याचे कळवतो. फाटकवाला नुसते ‘हो साहेब’ म्हणून सुटत नाही. फाटक बंद करून तो आपल्याजवळच्या छापील तक्त्यातला एक खासगी क्रमांक सांगतो. मास्तर तो लिहून घेतो. वापरलेला क्रमांक खोडला जातो. झोपेत ‘हो’ म्हणता येते, पण तक्ता काढून क्रमांक सांगायला माणूस जागाच लागतो. चार अर्थांच्या ‘हो’ला रेल्वेने एकाच अर्थावर आणून ठेवले.

अशी शिस्त आपल्या दफ्तरातही होती. मराठेशाहीतल्या पत्राला माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तबाचा वेगळा, लहान शिक्का. इथे बोलणे संपले, यापुढे कुणी ओळ वाढवू नये, हा त्याचा अर्थ. पत्राची दफ्तरात नोंद झाल्याच्या खुणाही कागदावर केल्या जात. आज आपण एखादी गोष्ट ठरली की ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो, ते यातूनच.

पण याहून जुनी आणि सोपी युक्ती प्रत्येक मराठी घरात आहे. आई मुलाला वाण्याकडे पाठवते. पैसे हातावर ठेवते आणि उंबऱ्यावर थांबवून विचारते, ‘‘सांग बघू, काय आणायचं?’’ मुलगा म्हणतो, ‘‘अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे.’’ आई म्हणते, ‘‘शेंगदाणे अर्धा. साखर पाव.’’ चूक उंबऱ्यातच सापडते, वाण्याच्या दुकानातून परत यावे लागत नाही. विमानाच्या कॅप्टनला १९७७ नंतर जे सक्तीचे झाले, ते आपल्या आया कधीपासून करत आल्या आहेत. पाठवलेला निरोप हा अर्धाच निरोप असतो. ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगितला की तो पुरा होतो.

मोठ्या माणसाला ‘सांग बघू’ विचारणे अवघड वाटते, परीक्षा घेतल्यासारखे. तिथे चूक आपल्याकडे घ्यावी : ‘‘माझं काही सांगायचं राहिलं नाही ना? तुम्ही आता काय काय करणार, एकदा सांगता का?’’ मान राहतो आणि गळतीही कळते.

चौकट : थोडक्यात

• निळी खूण म्हणजे निरोप उघडला. समजला असे नव्हे.
• ‘परवा’, ‘लवकर’, ‘जरा’ यांऐवजी वार, तारीख, वेळ आणि माप लिहा. क्रियापद गाळू नका.
• आकड्यासोबत त्याचा ऐकणाऱ्यासाठी काय अर्थ होतो तेही सांगा.
• ग्रुपवर काम सांगताना ते कुणाचे, त्याचे नाव आधी लिहा.
• वाईट बातमी आणणाऱ्याचे आधी आभार माना, मग प्रश्न विचारा.
• वाद लिहून वाढवू नका, बोलून मिटवा.
• महत्त्वाचा निरोप समोरच्याकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घ्या.

कूपवाडच्या त्या ग्रुपवर नुसत्या अंगठ्यांऐवजी एकानेच लिहिले असते, ‘म्हणजे शुक्रवारी निघणार ना?’, तर दोन दिवस वाचले असते. चार शब्दांचा प्रश्न. उद्या कामावर गेल्यावर दिवसातला एकच महत्त्वाचा निरोप निवडा आणि समोरच्याला आपुलकीने विचारा, ‘‘सांगा बघू, काय ठरलं आपलं?’’ उत्तर नीट ऐका. पाणी टेलला पोहोचले की नाही, ते तिथेच कळेल.